अनोळखी प्रक्रियेची ओळख : युनिक्स सर्व्हरवरील पार्श्वभूमी प्रक्रियांचा इतिहास आणि त्या थांबविण्याची शिस्त

सारांश :
युनिक्स व तिच्या कुळातील संगणक प्रणालींवर पडद्याआड अखंड चालणाऱ्या प्रक्रियांना 'डीमन' म्हणतात. अशी एखादी अनोळखी प्रक्रिया आढळल्यास ती ओळखावी कशी आणि थांबवावी कशी, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. परंतु त्याला सुमारे सहा दशकांचा इतिहास आहे. प्रस्तुत लेखात या इतिहासाचा मागोवा घेऊन, भारतात व विशेषतः महाराष्ट्रात युनिक्सचा प्रवेश कसा झाला, १९८६, १९८८ व २०१८ मधील घटनांनी कोणते धडे दिले आणि महाविद्यालयीन पातळीवर त्यांचा अर्थ काय होतो, याचा विचार केला आहे.

बीजशब्द : युनिक्स, डीमन, पार्श्वभूमी प्रक्रिया, संकेत, बँक संगणकीकरण, संस्थात्मक स्मृती.

प्रस्तावना :
आज महाविद्यालयाचे ग्रंथालय, प्रवेश विभाग, परीक्षा विभाग आणि लेखा विभाग यांपैकी एकही विभाग सर्व्हरवाचून चालत नाही. या सर्व्हरांपैकी अनेक लिनक्सवर, म्हणजे युनिक्सच्या वंशातील प्रणालीवर चालतात. सर्व्हर मंद झाला की चालू प्रक्रियांची यादी काढली जाते आणि त्या यादीत कोणालाच ठाऊक नसलेले एखादे नाव दिसते. ते कोणी सुरू केले, कधी केले, कशासाठी केले, हे सांगणारा कंत्राटी कर्मचारी केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो. अशा वेळी दोन टोकाच्या प्रतिक्रिया संभवतात. "चालू आहे ना, मग हात लावू नका" ही एक आणि "ओळखीचे नाही ना, मग बंद करा" ही दुसरी. पहिलीत घुसखोर सुरक्षित राहतो, तर दुसरीत राखणदाराचा बळी जाण्याचा धोका असतो. या दोहोंमधील विवेकाचा मार्ग युनिक्सच्या रचनेतच कसा घातलेला आहे, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) पार्श्वभूमी प्रक्रिया या संकल्पनेचा ऐतिहासिक उगम स्पष्ट करणे.
२) भारत व महाराष्ट्र यांच्या संदर्भात युनिक्सच्या प्रसाराचा आढावा घेणे.
३) अनोळखी प्रक्रियेची ओळख पटवून ती सुरक्षितपणे थांबविण्याची रीत ऐतिहासिक घटनांच्या आधारे मांडणे.

१. 'डीमन' या संज्ञेचा उगम :
स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी १८६७ मध्ये एक काल्पनिक प्रयोग मांडला. दोन कप्प्यांमधील झडपेवर बसलेला एक सूक्ष्म जीव वेगवान आणि मंद रेणू निवडून वेगळे करीत राहतो, अशी ती कल्पना होती. विल्यम थॉमसन यांनी १८७४ मध्ये त्या जीवास 'डीमन' हे नाव दिले. पुढे १९६३ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या 'प्रोजेक्ट मॅक'मध्ये आयबीएम ७०९४ या संगणकावर काम करणाऱ्या मंडळींनी हा शब्द उचलला. प्रकल्पाचे प्रमुख संशोधक फर्नांडो कोर्बाटो यांच्या आठवणीनुसार संगणकातील माहितीच्या प्रती आपोआप चुंबकीय फितीवर उतरविणारा कार्यक्रम हा अशा प्रक्रियांपैकी पहिला होता.

मूळ ग्रीक शब्दात दुष्टपणाचा भाव नाही; देव आणि मानव यांच्या मधली अदृश्य शक्ती एवढाच त्याचा अर्थ. मराठी वाचकास यासाठी फार दूर जावयास नको. कोकण व गोव्यातील लोकश्रद्धेत गावाच्या सीमेवर रात्री फिरणारा देवचार किंवा राखणदार असतो. तो दिसत नाही, कोणाशी बोलत नाही. पण त्याचा मान चुकला तर गावाची घडी विस्कटते, अशी श्रद्धा आहे. संगणकातील डीमनचे स्वरूप राक्षसापेक्षा या राखणदारास अधिक जवळचे आहे. नवख्या व्यवस्थापकाची पहिली चूक बहुधा हा भेद न कळल्यामुळे होते.

२. युनिक्सची घडण : क्रमांक, जनक आणि स्वामी :
बेल प्रयोगशाळेने 'मल्टिक्स' प्रकल्पातून अंग काढून घेतल्यावर १९६९ मध्ये केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युनिक्सची उभारणी सुरू केली. १९७१ मध्ये तिची पहिली नियमपुस्तिका निघाली आणि १९७३ मध्ये तिचा गाभा सी भाषेत नव्याने लिहिला गेला. या प्रणालीत प्रत्येक प्रक्रियेस एक क्रमांक असतो, तिला जन्म देणारी एक जनक प्रक्रिया असते आणि तिचा एक स्वामी, म्हणजे वापरकर्ता असतो. वंशावळीच्या मुळाशी 'इनिट' ही क्रमांक १ ची प्रक्रिया असते. जनक आधी संपला तर पोरक्या प्रक्रियेचे पालकत्व परंपरेने इनिटकडे जाते.

जमिनीच्या सातबारा उताऱ्याशी याची तुलना करता येईल. उताऱ्यावर कब्जेदार कोण, जमीन कशी आली, कोणता फेरफार झाला हे नोंदलेले असते. शेतात पीक कोणते दिसते एवढ्यावरून मालकी ठरत नाही. त्याचप्रमाणे प्रक्रियेचे नाव हे तिच्या ओळखीचे सर्वांत दुबळे साधन आहे. स्वामी, जनक, आरंभाची वेळ आणि तिने उघडलेल्या फायली ही खरी साधने होत.

प्रक्रियांची यादी दाखविणारी आज्ञा 'पीएस' आणि प्रक्रियेस संकेत पाठविणारी आज्ञा 'किल' या नावांनी प्रसिद्ध आहे. 'किल' हे नाव दिशाभूल करणारे आहे. ती आज्ञा मुळात केवळ निरोप पोहोचविते. क्रमांक १ चा संकेत दूरध्वनीची जोडणी तुटल्याचा निरोप म्हणून जन्मला. पुढे दूरध्वनीशी संबंध नसलेल्या अनेक डीमननी त्याचा अर्थ 'आपली मांडणी पुन्हा वाचा' असा घेतला. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत आढळणारा क्रमांक १५ चा संकेत ही आवरते घेण्याची विनंती आहे. प्रक्रिया तो ऐकू शकते, हातातील काम पुरे करू शकते, फायली बंद करू शकते. क्रमांक ९ चा संकेत मात्र प्रक्रियेस अडविता वा टाळता येत नाही. प्रणालीचा गाभा तिला जागच्या जागी संपवितो. विनंती आणि अंतिम कारवाई यांतील हा भेद म्हणजे एका अर्थाने नोटीस आणि जप्ती यांतील भेद होय.

३. भारतात व महाराष्ट्रात युनिक्सचे आगमन :
भारतात युनिक्स दोन वाटांनी आली, असे म्हणता येईल. पहिली वाट संशोधन संस्थांची. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये 'अर्नेट' हा प्रकल्प सुरू केला. त्यात मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, आयआयटी मुंबईसह पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि स्वतः इलेक्ट्रॉनिक्स विभाग असे आठ सहभागी होते. आरंभीच्या टपालासाठी युनिक्सवरील 'यूयूसीपी' ही पद्धत वापरली गेली. रांगेत साठलेली पत्रे दूरध्वनीची जोडणी मिळताच पुढे धाडण्याचे काम पार्श्वभूमीत चालणारा कार्यक्रम करीत असे. भारतातील ई-टपालाची सुरुवात अशा रीतीने एका डीमनच्या हातून झाली.

दुसरी वाट बँकांची. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा बँकांतील यांत्रिकीकरणाविषयीचा अहवाल १९८४ मध्ये आला. त्याआधी सप्टेंबर १९८३ मध्ये कर्मचारी संघटनांशी या विषयावर करार झाला होता. त्या दशकाच्या उत्तरार्धात बँकांनी घेतलेल्या लघुसंगणकांत युनिक्सला मोठे स्थान मिळाले. पुढे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा 'शेल' खाते घेणारा ग्राहक मोडेमद्वारे दूरच्या युनिक्स संगणकावरच जाऊन बसत असे. अक्षरांचाच काय तो पडदा त्याच्यापुढे असे. आपण युनिक्स वापरत आहोत, याची जाणीव त्यांतील अनेकांना नसावी.

या दोन वाटांमधील फरक लक्षणीय आहे. संशोधन संस्थांत प्रणाली चालविणारा आणि तिचा अभ्यास करणारा बहुधा एकच असे. बँकांत व नंतर शासकीय कार्यालयांत आणि महाविद्यालयांत ती पुरवठादाराने बसवून दिली. वापरणारा एक आणि जाणणारा दुसरा, अशी विभागणी झाली. अनोळखी प्रक्रियेची समस्या या विभागणीत रुजलेली आहे.

४. दोन घटना : १९८६ आणि १९८८ :
१९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाकडे संगणक वापराच्या हिशेबातील अवघ्या ७५ सेंटची तफावत शोधण्याचे काम आले. त्या तफावतीमागे एक घुसखोर निघाला. 'ईमॅक्स' या संपादकासोबत येणाऱ्या टपाल हलविण्याच्या कार्यक्रमातील त्रुटीचा फायदा घेऊन, दर पाच मिनिटांनी आपोआप चालणाऱ्या 'एटीरन' या प्रक्रियेच्या जागी त्याने स्वतःचा कार्यक्रम बसविला होता. नाव जुने, आतला मजकूर नवा. घुसखोराने 'पीएस' आज्ञेस एक असे अक्षर जोडले, जे बर्कली पद्धतीच्या युनिक्समध्ये लागत नसे आणि एटी अँड टी पद्धतीत लागत असे. तेवढ्यावरून हा बर्कलीचा माणूस नव्हे, असा तर्क निघाला. स्टोल यांनी त्याला लगेच हुसकावून लावले नाही. प्रत्येक हालचालीची छापील नोंद ठेवीत माग काढला आणि तो माग पश्चिम जर्मनीपर्यंत पोहोचला. थांबविण्यापूर्वी पाहणे आणि पाहिलेले लिहून ठेवणे, हा या घटनेचा धडा आहे.

दुसरी घटना २ नोव्हेंबर १९८८ ची. कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने सोडलेला 'वर्म' इंटरनेटवरील युनिक्स संगणकांत पसरला. बाधित संगणकांची संख्या सुमारे ६,००० असावी, असा त्या काळचा अंदाज आहे. हा वर्म प्रक्रियांच्या यादीत आपले नाव 'एसएच', म्हणजे युनिक्सच्या नित्याच्या कवचाचे नाव, असे दाखवीत असे. तो वरचेवर स्वतःची नवी प्रत जन्मास घालून जुनी संपवीत असे. त्यामुळे त्याचा क्रमांक बदलत राही. एक प्रक्रिया मारावी तर शेजारच्या संगणकावरून दुसरी येऊन बसे. रक्तबीजाची पुराणकथा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वर्तन अपरिचित वाटणार नाही. थेंब सांडण्याची वाट बंद केल्याखेरीज प्रहाराचा उपयोग नसतो. या घटनेनंतर त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणक आपत्ती प्रतिसाद केंद्र स्थापन झाले. भारतात याच स्वरूपाचे 'सर्ट-इन' जानेवारी २००४ पासून कार्यरत आहे.

५. पुण्यातील घटना : ऑगस्ट २०१८ :
महाराष्ट्रापुरता विचार केल्यास या विषयाचे गांभीर्य १९०६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवरील हल्ल्यात दिसते. ११ ऑगस्ट २०१८ रोजी काही तासांत भारताबाहेरील २८ देशांतून सुमारे ७८ कोटी रुपये आणि भारतातून सुमारे २.५ कोटी रुपये बनावट कार्डांद्वारे एटीएममधून काढण्यात आले. १३ ऑगस्ट रोजी आणखी १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगमधील खात्यात वळते झाले. एकूण रक्कम सुमारे ९४ कोटी ४२ लाख रुपये. एटीएमकडून आलेली विचारणा बँकेच्या मूळ यंत्रणेपर्यंत न जाता एका बनावट 'स्विच'कडे वळविली गेली आणि तेथून प्रत्येक मागणीस होकार मिळत गेला. एप्रिल २०२३ मध्ये पुण्यातील न्यायालयाने या प्रकरणी ११ जणांना दोषी ठरविले.

त्याच वर्षी २ ऑक्टोबर रोजी अमेरिकी शासनाने आशिया व आफ्रिकेतील बँकांवर झालेल्या 'फास्टकॅश' हल्ल्यांविषयी जाहीर सूचना काढली. आयबीएमच्या 'एआयएक्स' या युनिक्स प्रणालीवरील स्विच सर्व्हर हे त्या हल्ल्यांचे लक्ष्य होते. नोव्हेंबरमध्ये सिमँटेक या कंपनीने केलेल्या विश्लेषणानुसार हल्लेखोरांचा कार्यक्रम चालू असलेल्या वैध प्रक्रियेच्या आत शिरून बसत असे आणि बाधित सर्व्हरांवर कंपनीचे साहाय्य संपलेल्या जुन्या आवृत्त्या होत्या. १९८६ मध्ये घुसखोराने जुन्या नावाखाली नवा कार्यक्रम ठेवला होता. २०१८ पर्यंत तो जिवंत प्रक्रियेच्या देहातच शिरू लागला. नावावरून ओळख पटविण्याची सवय किती धोक्याची आहे, हे यातून स्पष्ट होते.

६. ओळख पटविण्याची रीत :
वरील इतिहासातून पुढील क्रम निष्पन्न होतो. प्रथम यादीत प्रक्रियेचा स्वामी, जनक, आरंभाची वेळ आणि ती कोणत्या टर्मिनलशी जोडलेली आहे, हे पाहावे. टर्मिनलच्या जागी प्रश्नचिन्ह असणे हे डीमनचे सामान्य लक्षण आहे. ते दोषाचे लक्षण नव्हे. लिनक्सच्या यादीत चौकोनी कंसात दिसणारी नावे सहसा गाभ्याच्या स्वतःच्या धाग्यांची असतात, त्यांना हात लावू नये. मात्र घुसखोर असे कंसही नकली घालू शकतो, म्हणून त्यांचा जनक क्रमांक २ ची प्रक्रिया आहे ना, हे तपासावे.

त्यानंतर लिनक्सच्या 'प्रॉक' या निर्देशिकेत त्या क्रमांकाखाली पाहावे. मूळ कार्यक्रमाची फाईल कोठे आहे, प्रक्रिया कोणत्या निर्देशिकेत बसली आहे, कोणत्या आज्ञेने सुरू झाली, हे तेथे कळते. तात्पुरत्या फायलींच्या जागेतून चालणारा किंवा मूळ फाईल पुसून टाकलेला कार्यक्रम संशयास पात्र ठरतो. 'एलएसओएफ' आज्ञेने उघड्या फायली व बाहेरच्या जोडण्या दिसतात. शेवटी, ठरावीक वेळी कामे चालविणाऱ्या 'क्रॉन'च्या नोंदी आणि सेवा व्यवस्थापकाची यादी तपासावी. या पाहणीतील प्रत्येक निष्पत्ती वेळेसह लिहून ठेवावी आणि स्वामी म्हणून ज्याचे नाव दिसते त्या व्यक्तीस वा विभागास विचारावे. ही विचारणा टाळली तर पुढची सर्व तांत्रिक काळजी अपुरी पडते.

प्रक्रिया घातक असल्याचा सबळ संशय असेल तर ती घाईने मारणे हितावह नाही, कारण तिच्याबरोबर स्मृतीतील पुरावाही नष्ट होतो. संगणक जाळ्यापासून अलग करून तज्ज्ञांस बोलवावे. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळविणे आणि नोंदी १८० दिवस जतन करणे अपेक्षित आहे.

७. थांबविण्याची रीत :
प्रक्रिया वैध परंतु अनावश्यक आहे, अशी खात्री झाल्यावर प्रथम ती सेवा व्यवस्थापकाच्या ताब्यात आहे का, हे पाहावे. २०१० मध्ये आलेला 'सिस्टिमडी' किंवा जुन्या प्रणालीतील इनिट मेलेल्या सेवेस पुन्हा उभे करू शकतो; म्हणून अशी सेवा व्यवस्थापकामार्फतच थांबवावी. स्वतंत्र प्रक्रियेस क्रमांक १५ चा संकेत पाठवून पुरेसा वेळ द्यावा. संकेत पाठविण्याआधी क्रमांक पुन्हा पडताळावा, कारण क्रमांक फिरून वापरले जातात. लिनक्सवर दीर्घकाळ त्यांची नेहमीची मर्यादा ३२,७६८ एवढीच होती. क्रमांक ९ हा शेवटचा उपाय. माहितीसाठ्याच्या मुख्य प्रक्रियेवर तो कधीही योजू नये. 'पोस्टग्रेस'च्या अधिकृत पुस्तिकेत याविषयी स्पष्ट इशारा आहे.

एका आज्ञेचा उल्लेख येथे आवश्यक आहे. लिनक्सवर 'किलऑल' ही आज्ञा दिलेल्या नावाच्या प्रक्रियांपुरती चालते. सोलॅरिससारख्या जुन्या परंपरेच्या युनिक्सवर मात्र त्याच नावाची आज्ञा प्रणाली बंद करण्यासाठी असते आणि ती जवळजवळ सर्वच प्रक्रिया संपविते. एका शब्दाचे दोन प्रांतांत दोन अर्थ असावेत, तसा हा प्रकार आहे. परंतु येथे गैरसमजाची किंमत संपूर्ण कार्यालय मोजते.

८. महाविद्यालयीन संदर्भ :
४ ऑगस्ट १९२३ रोजी स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या परिसरात कागदी दप्तराची परंपरा जुनी आहे. कोणती संचिका कोणत्या कपाटात आणि कोणाच्या ताब्यात, हे लिहून ठेवण्याची शिस्त आपल्या लिपिकवर्गाने पिढ्यानपिढ्या सांभाळली. सर्व्हरच्या बाबतीत ही शिस्त अद्याप पुरेशी रुजलेली नाही. ग्रंथालयात 'कोहा' प्रणाली असेल तर यादीत 'झेब्राएसआरव्ही' हे नाव दिसू शकते. ते अपरिचित म्हणून थांबविले तर ग्रंथांच्या नोंदी शाबूत राहतात, पण तालिकेतील शोध बंद पडतो आणि वाचकास आपले ग्रंथालयच रिकामे भासते. शोधप्रबंधांच्या संग्रहासाठी 'डीस्पेस' वापरली असेल, तर ती यादीत केवळ 'जावा' या नावाने दिसू शकते.

विदर्भात तर आणखी एक उदाहरण सहज पटेल. वीजपुरवठा खंडित झाला आणि बॅटरीही संपली, तर सर्व्हरवरील प्रत्येक प्रक्रियेस एकाच क्षणी क्रमांक ९ चा संकेत मिळाल्यासारखे होते. हे टाळण्यासाठी बॅटरी संचाशी संवाद साधणारा एक डीमन असतो. तो महिनोन्महिने काहीही करताना दिसत नाही. वीज गेली आणि बॅटरी संपत आली, की तो सर्वांना आवरते घेण्याचा निरोप देतो आणि यंत्र रीतसर बंद करतो. 'काहीच काम करीत नाही' म्हणून जानेवारीत थांबविलेल्या या राखणदाराची किंमत मे महिन्याच्या उन्हाळ्यात, नेमकी निकालाच्या दिवसांत कळते. निष्क्रिय दिसणे आणि निरुपयोगी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

समारोप :
डीमनचा इतिहास हा यंत्राइतकाच संस्थांचा इतिहास आहे. युनिक्सच्या निर्मात्यांनी प्रत्येक प्रक्रियेस स्वामी व जनक दिला. विस्मरण झाले ते संस्थांना. १९८६ ची नोंदवही, १९८८ चा बदलता क्रमांक आणि २०१८ चा वैध देहातील परका, या तिन्हींचा एकत्रित निष्कर्ष असा की, ओळख ही नावावर नव्हे तर नोंदींवर उभी असते आणि थांबविण्याचा अधिकार ओळखीनंतरच प्राप्त होतो. म्हणून प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या सर्व्हरवरील नित्य प्रक्रियांची एक नोंदवही ठेवावी. प्रक्रियेचे नाव, प्रयोजन, सुरू करणाऱ्याचे पदनाम, आरंभाची तारीख, संबंधित विभाग आणि थांबविण्याची रीत असे सहा रकाने त्यासाठी पुरेत. कंत्राट संपताना वा बदली होताना या वहीवर दोन्ही पक्षांच्या स्वाक्षऱ्या घ्याव्यात. यास खर्च एका वहीचा आहे. ती नसेल तर निर्णय अंदाजाने होतो, आणि अंदाज चुकला की विद्यार्थ्याचा निकाल किंवा ठेवीदाराची पुंजी पणाला लागते.